एक योद्धा किती जणांना भारी?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात फाशांपासून करू.

मी वसईत राहतो आणि मित्रांच्या गटासाठी टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम चालवतो. हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण गोष्ट पुढे नेतो, आणि लढाई आली की निकाल फासे टाकून लागतो. सध्या मी 1739 च्या वसईच्या वेढ्यावर खेळ बांधतोय. त्यात पहिलाच प्रश्न असा आला: चिमाजी अप्पांच्या फौजेतल्या शिपायाला किती गुण द्यायचे, आणि तटावरच्या पोर्तुगीज शिपायाला किती? आमच्या गटाचं उत्तर तयार होतं, "आपला एक त्यांच्या दहांना भारी!" आज हेच वाक्य जरा तपासून बघू.

योद्ध्याला मोजायची हौस आपल्याकडे जुनी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन भीष्मांना दोन्ही बाजूंच्या वीरांची प्रतवारी विचारतो. भीष्म एकेकाचं नाव घेऊन सांगतात, हा रथी, हा अतिरथी, हा महारथी. कर्णाची पाळी आली की म्हणतात, हा अर्धरथी. कर्ण भडकतो आणि भीष्म पडेपर्यंत लढणार नाही म्हणून बसतो. पण भीष्मांनी दिलेली कारणं बघा. कवचकुंडलं गेली आहेत आणि परशुरामाचा शाप आहे. म्हणजे नुसती धनुर्विद्या न बघता अंगावर काय आहे आणि मागे काय लागलंय, हेही त्यांनी हिशेबात धरलं.

आता एकदम अमेरिकेत येऊ. 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा 'चेनमेल' हा मध्ययुगीन लढायांचा खेळ आला. त्यात 'हीरो' चार माणसांइतका लढतो आणि 'सुपरहीरो' आठ माणसांइतका. 1974 मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. त्यात चौथ्या लेव्हलच्या लढवय्याचा किताब हीरो आणि आठव्याचा सुपरहीरो. लेव्हल हा आकडा मुळात असा 'किती जणांना भारी' याचा होता, बरं का! हिट पॉइंटची कल्पना आर्नेसनने चिलखती जहाजांच्या खेळाच्या नियमांतून उचलली. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, तसंच पात्रही एका घावात मरू नये म्हणून.

आज खेळाडू हा हिशेब कसा करतात? समजा, वीस बाजूंच्या फाशावर 13 किंवा जास्त पडलं तर वार लागतो. म्हणजे 20 पैकी 8 वेळा, 40 टक्के. लागला तर आठ बाजूंच्या फाशाइतकी इजा, सरासरी साडेचार. दोन्ही गुणले की दर फेरीला 1.8. समोरच्याचे हिट पॉइंट 18 असतील तर त्याला पाडायला साधारण दहा फेऱ्या. हिशेब सुटसुटीत आहे, फक्त तो मोकळ्या मैदानात समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांचा आहे.

इथे फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्रज इंजिनियर मदतीला येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 मध्ये, त्याचं विमानयुद्धावरचं पुस्तक आलं. त्यात त्याने दोन नियम मांडले. मोकळ्यावर, जिथे सगळे सगळ्यांवर गोळी झाडू शकतात, तिथे संख्येची ताकद वर्गाने वाढते. सारख्याच कसाचे 20 विरुद्ध 10 लढले तर दहाचे दहा पडेपर्यंत वीसांतले सुमारे 17 शिल्लक राहतात. अरुंद बोळात एकास एक लढले तर दहाच्या बदल्यात दहा जातात आणि दहा उरतात. माणसं तीच, कस तोच. जागा बदलली आणि निकाल बदलला.

आता वसईला या. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाणे आणि साष्टी घेतली होती. वसईच्या कोटाला फेब्रुवारी 1739 मध्ये वेढा पडला. कोटाला समुद्र, खाडी आणि दलदल यांचा आडोसा, त्यामुळे चाल करायची ती जमिनीच्या चिंचोळ्या बाजूने. तिथे भिंतीला खिंडार पडलं तरी त्यातून एका वेळी मोजकेच शिपाई शिरणार, आणि त्या मोजक्यांवर तटावरचे सगळे रोखलेले. हा लँचेस्टरच्या बोळापेक्षाही वाईट सौदा. ग्रँट डफने किल्ल्यातले मेलेले-जखमी 800 दिलेत आणि मराठ्यांचं नुकसान 5,000 च्या वर. एकास सहापेक्षा जास्त!

हा आकडा वाचून आमच्या गटात शांतता पसरली. 'एक दहांना भारी' हे वाक्य या पाच हजारांना गिळून टाकतं. जिंकले ना, मग किती गेले कशाला विचारायचं? पण उलट अर्थ काढणंही चूक. पोर्तुगीज शिपाई सहापट शूर होता असं यातून निघत नाही. सहापट बळ दगडी भिंतीचं होतं.

आणि म्हणून मला या वेढ्यातला महत्त्वाचा माणूस सुरुंग खणणारा वाटतो. फासे मोजले तर त्याची इजा शून्य. पण मेच्या मध्यावर सुरुंग उडाले, बुरूज ढासळले, वाट रुंद झाली आणि बोळाचा नियमच मोडला. आत दारूगोळा संपत आलेला, बरेच अधिकारी मेलेले. 16 मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळवली. त्यांचे हिट पॉइंट शून्यावर आले नव्हते, धीर संपला होता. जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये यासाठी धीर तपासायचा फासा असायचा. आमच्या टेबलावर तो परत येणार.

तर माझ्या खेळात ठरलंय असं: दोन्हीकडच्या शिपायांना सारखेच गुण. तटाला वेगळे, दारूगोळ्याला वेगळे, धीराला वेगळे, आणि खणणाऱ्याला स्वतःचं पात्र. शिवाय मराठ्यांकडून खेळणाऱ्याने दर हल्ल्यानंतर पडलेली माणसं वहीत लिहायची. पुढच्या वेळी कोटात फिरायला गेलात तर जमिनीच्या बाजूच्या तटाशी जरा थांबा आणि तिथून धावत किती जण येऊ शकतील, ते नजरेने मोजा. किती मोजलेत ते कळवा. भेटूया पुढच्या भागात!