खोडदची शांतता आणि आपली रेल्वे

कोल्हारच्या स्टँडवर पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, बरं झालं, गाडी अहिल्यानगर-शिर्डीकडून न्यायचं चाललंय, आपल्या भागाचं भलं होईल. दुसऱ्या गटातल्यांचे पाहुणे संगमनेर-नारायणगावचे. ते चिडून म्हणतात, एका दुर्बिणीपायी आमच्या हक्काची रेल्वे गेली. मग हमखास प्रश्न येतो: "एवढे शास्त्रज्ञ बसलेत तिथं, कॉम्प्युटरनं तो गोंगाट गाळता येत नाही का?"

मंडळी, प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायला दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

आधी दुर्बिणीबद्दल. आपल्या कोल्हार-घोटी रस्त्यानं संगमनेर गाठायचं, तिथून पुणे-नाशिक महामार्गानं आळेफाटा, नारायणगाव. जवळच जुन्नर तालुक्यातलं खोडद. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून १९९० च्या दशकात इथं ३० तबकड्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. पत्र्याऐवजी दोरखंडांवर ताणलेली तारांची जाळी वापरल्यामुळं खर्च खूप वाचला. विज्ञान दिनाला ही दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते. मी गेलो तेव्हा आत जाताना मोबाईल बंद करायला सांगितला, तेव्हा जरा राग आला होता. कारण नंतर कळलं.

या तबकड्या फोटो काढत नाहीत, त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे सिग्नल जुळवून पाहायचे आणि त्यातून आकाशाचं चित्र उभं करायचं. हे काम ज्या गणितानं होतं ते जोसेफ फूरिये या फ्रेंच माणसाचं. १८०७ साली तो धातूच्या पट्टीत उष्णता कशी पसरते हे मांडत होता. कितीही वेडावाकडा आलेख साध्या लहरींची बेरीज करून मांडता येतो, असं त्याचं म्हणणं. लाग्रांजसारख्या दिग्गजाला ते पटलं नाही. फूरियेचं पुस्तक यायला १८२२ उजाडलं.

या रूपांतराचा एक गुण पुढं लक्षात आला. तो आपल्या शेताच्या भाषेत सांगतो. समजा विहीर घरापासून ३० मीटर पूर्वेला आणि ४० मीटर उत्तरेला आहे. सरळ अंतर ५० मीटर. आता शेजाऱ्यानं पूर्व-उत्तर सोडून तिरक्या बांधाच्या दिशेनं मोजलं, आणि बांध नेमका विहिरीकडंच जात असेल, तर त्याचे आकडे येतील ५० आणि ०. आकडे बदलले, पण विहीर जागची हलली नाही आणि अंतर तेवढंच राहिलं. शिवाय त्याच्या आकड्यांवरून माझे आकडे परत काढता येतात. लांबी जपणाऱ्या आणि उलट फिरवता येणाऱ्या अशा रूपांतराला रेषीय बीजगणितात ऑर्थोगोनल म्हणतात. संमिश्र संख्या वापरल्या की त्यालाच युनिटरी म्हणतात. योग्य प्रमाणात मांडलेलं फूरिये रूपांतर हे युनिटरीच. १९१० मध्ये प्लांशरेल यांनी ते अखंड लहरींसाठीही सिद्ध केलं: रूपांतराच्या आधी जेवढी ऊर्जा, नंतरही तेवढीच.

१९६५ साली कूली आणि ट्युकी यांनी हे गणित झटपट करायची रीत दिली. १,०२४ आकड्यांसाठी जिथं साडेदहा लाखांच्या घरात गुणाकार लागत, तिथं दहा हजारांच्या आसपास पुरू लागले. त्या रीतीशिवाय खोडदसारखी दुर्बीण चालवणं अवघडच होतं.

आता स्टँडवरच्या प्रश्नाकडं येऊ. युनिटरी रूपांतर काही हरवू देत नाही, म्हणून दूरच्या आकाशगंगेचा क्षीण सिग्नल वाचतो. पण त्याच न्यायानं गोंगाटही वाचतो! गणित दोघांत भेद करत नाही. एखादं स्टेशन एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत असेल, तर रूपांतरानंतर त्याचा सगळा जोर एका जागी गोळा होतो आणि तेवढा भाग कापता येतो. विजेच्या रेल्वेची गोष्ट वेगळी. वरच्या तारेशी ठिणगी उडते ती क्षणभर, पण फ्रिक्वेन्सीत पाहिलं तर तिचा गोंगाट सगळीकडं पसरलेला. एखाददुसरी ठिणगी असेल तर तो क्षण कापून टाकता येईल. पण गाड्यांची सतत ये-जा असेल तर कापून कापून उरणार काय? गोंगाट तबकडीत शिरण्याआधीच लांब ठेवणं, हाच खात्रीचा इलाज.

म्हणून "शास्त्रज्ञांनी अडवलं" हे अर्धंच खरं. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही शांतता जपण्याची किंमत खोडद-नारायणगावची माणसं मोजतायत, आणि दुर्बिणीचा मान मात्र साऱ्या देशाला मिळतोय. त्यांच्या भागाला दळणवळणाची दुसरी चांगली सोय मिळायलाच हवी. आणि रेल्वे का वळवावी लागतेय, हे सरकारनं गावोगावी साध्या मराठीत समजावून सांगायला काय हरकत होती? लोकांना गणित नको असतं, असं ठरवून टाकलंय सगळ्यांनी.

उद्या आपल्या बाजूनं गाडी धावली, तर तिकीट काढताना एवढं आठवा: ही सोय आपल्याला जुन्नर-संगमनेरकरांच्या वाट्यातून आली. आकडे कसेही फिरवले तरी बेरीज तीच राहते. एकाच्या पारड्यात पडलं, ते दुसऱ्याच्या पारड्यातून गेलेलं असतं.