परत बोलावलेल्या गाड्या

राजूरला हिवाळ्यात डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, धो धो पावसाला न डगमगणारी ही जनावरे पाहण्यासाठी लांबलांबून माणसे येतात. लहानपणी आजोबांचे बोट धरून मी तेथे हिंडत असे. रुमालाखाली बोटे चाचपून किंमत ठरे; पण आजोबांचा व्यवहार तेवढ्यावर संपत नसे. बैल जुवाखाली बसतो, मारतो किंवा बुजतो असे आठ दिवसांत आढळले तर तो परत घ्यायचा, असा त्यांचा शब्द असे. एका वर्षी त्यांनी विकलेला बैल घेऊन एक शेतकरी चार कोस चालत आमच्या दारात आला. आजोबांनी एक अक्षर न बोलता पैसे मोजून दिले. बैलाची खोड त्यांना आधी ठाऊक होती की काय, हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

यंत्राची खोड विकणाऱ्याच्या पदरात बांधायला मात्र जगाला बराच काळ लागला. मोटार उलटली तर चूक हाकणाऱ्याची, ही समजूत अमेरिकेतही पक्की होती. 1965 साली राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने एक पुस्तक लिहून दाखवून दिले, की अपघाताचे मूळ पुष्कळदा कारखान्यातच असते. पुढच्याच वर्षी तेथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला. गंमत अशी, की त्या कायद्याने मोटारीतला दोष ग्राहकाला कळवणे तेवढे बंधनकारक केले होते. तो फुकट दुरुस्त करून देण्याची सक्ती 1974 साली आली. मधली आठ वर्षे दोष कंपनीने कळवायचा आणि खर्चाची चिंता मालकाने वाहायची, असाच कायद्याचा अर्थ होता.

पुढे जीपच्या वंशातल्या उंच, ऐसपैस गाड्या कुटुंबाच्या झाल्या. मुले, म्हातारी माणसे, सामानसुमान सगळे एका गाडीत मावू लागले. पण उंच गाडीला तोल जाण्याचे भय अधिक. अमेरिकेत फोर्डच्या एक्स्प्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायरांची वरची साल धावताधावता सुटू लागली आणि गाड्या उलटू लागल्या. अडीचशेहून अधिक माणसे गेली. 2000 साली सुमारे 65 लाख टायर परत बोलावले गेले. टायरवाले म्हणाले, गाडीवाल्यांनी हवा कमी ठेवायला सांगितली. गाडीवाले म्हणाले, टायरच कच्चे. शतकभर एकमेकांशी धंदा केलेली ही दोन घराणी त्या भांडणात तुटली.

आमच्याकडे बोलेरो 2000 साली आली, स्कॉर्पिओ 2002 साली. दोन्हींचे नाते आमच्या शेजारच्या नाशिकच्या कारखान्याशी. दोष निघाल्यास गाड्या आपणहून परत बोलवाव्यात, असा नियम वाहन उत्पादकांच्या संघटनेने 2012 साली स्वतःला घालून घेतला. सक्ती नव्हती, लाजेकाजेस्तव पाळायचा. वर्षभरातच, 2013 च्या जुलैत, जनरल मोटर्सने 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलावल्या. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवली जात होती. म्हणजे प्रदर्शनात एक बैल दाखवायचा आणि दावणीला दुसरा बांधायचा! लग्नाच्या वऱ्हाडांनी ज्या गाडीच्या टपापर्यंत गर्दी केली, तिची ही कथा.

कायदा यायला 2019 साल उजाडले. मोटार वाहन कायद्यात कलम 110 अ घातले गेले आणि गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी नाशिकच्या कारखान्यात एके दिवशी आलेले डिझेल भेसळीचे निघाले. 21 जून ते 2 जुलै या काळात तयार झालेल्या सहाशेच्या आतल्या गाड्यांची इंजिने लवकर झिजतील, या संशयावरून महिंद्रने ती बदलून देण्याचे जाहीर केले. 2023 च्या ऑगस्टमध्ये चाकणला बनलेल्या एक्सयूव्ही 700 जातीच्या 1,08,306 गाड्या तपासणीला बोलावल्या. इंजिनापाशी तारांचा जुडगा घासून तुटण्याचा धोका होता.

नियमात एक अट मात्र आहे : गाडी सात वर्षांच्या आतली हवी. आमच्या राजूरच्या स्टँडवर सात वर्षांच्या आतली गाडी शोधावी लागते. पुण्या-मुंबईत नवी गाडी जन्मते, तेथे कंटाळवाणी झाली की संगमनेरात येते आणि तिसऱ्या मालकाच्या हाती आमच्याकडे. मग ती भंडारदऱ्याचे पाहुणे, बाजारची माणसे आणि बाळंतिणी वाहते.

माझ्या धाकट्या भावाने अशीच एक गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगण्याचे प्रयोजन नाही. श्रावणात पत्नी व दोन मुलींना घेऊन तो घाट उतरत असताना ब्रेकचा पाय थेट खाली गेला. त्याने गिअर उतरवून, हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या अंगाला घासत उभी केली. एक दार चेपले, एवढेच. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने ब्रेकची एक नळी काढून माझ्या हातावर ठेवली. एका कडेने ती कागदासारखी पातळ झाली होती.

चौकशीत कळले, की त्या नळीसाठीच ती गाडी दीड वर्षापूर्वी परत बोलावली होती. पत्र पुण्याच्या पहिल्या मालकाला गेले होते. त्यांनी गाडी विकली होती. पत्र बहुधा रद्दीत गेले. मी कंपनीवर रागावून मोठे पत्र लिहायला बसलो. भाऊ म्हणाला, "दादा, आधी हे पाहा." पुढे केलेल्या पुस्तकात मालक म्हणून अजून पुण्याच्याच गृहस्थांचे नाव होते. दोन वर्षांत आमच्या बहाद्दराला गाडी नावावर करायला सवड मिळाली नव्हती. अमेरिकेत अशी सूचना सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव असेल त्या मालकाला जाते. तशी नोंद पाहून येथे पाठवले असते, तरी ते पत्र पुण्यालाच गेले असते.

मी पत्र फाडले. शाळेत मुलांना नागरिकशास्त्र मीच शिकवतो.

चासीचा नंबर सांगितल्यावर एजन्सीने नळी फुकट बदलून दिली. तिसरा मालक म्हणून कोणी हटकले नाही. गाडी आता भावाच्या नावावर आहे. पुण्याच्या गृहस्थांना मी फोन केला, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मुलींचे वय विचारले. गेल्या मार्गशीर्षात ते सहकुटुंब भंडारदऱ्याला आले होते. जाताना राजूरचे पेढे घेण्यासाठी थांबले आणि आमच्या अंगणात उभ्या असलेल्या आपल्या जुन्या गाडीला एक चक्कर मारून, खाली वाकून त्यांनी चाकामागची ती नवी नळी पाहून घेतली.