प्रोस्टेट कॅन्सर : नवे उपचार आणि ट्रायल कुठे शोधाव्यात

घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, की चिकोडी-निपाणीकडे पहिला प्रश्न असतो तो बेळगावला न्यायचं, कोल्हापूरला की मुंबईला. ‘यावर काही नवीन निघालंय का?’ हे मात्र हॉर्मोनचे इंजेक्शन लागू पडेनासे झाल्यावर विचारले जाते. आमच्या मते ते पहिल्याच भेटीत विचारावे. काही ट्रायलमध्ये उपचार सुरू न झालेलेच रुग्ण घेतात.

भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंद ‘सीटीआरआय’ या संकेतस्थळावर असते. आयसीएमआरने ते २००७ साली सुरू केले. १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंदणी सक्तीची झाली. पाहायला पैसे लागत नाहीत. मजकूर इंग्रजीत आहे, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या नातवाला शेजारी बसवावे. प्रत्येक नोंदीत रुग्णालये, कोणते रुग्ण चालतील आणि भरती चालू आहे की संपली, हे दिलेले असते. नोंद आहे म्हणजे औषध गुणकारी ठरले, असे नाही.

ट्रायल म्हणजे प्रत्येक वेळी नवे औषधच असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २२४ रुग्णांवर केलेल्या ट्रायलचा निष्कर्ष २०२१ साली आला. जास्त धोक्याच्या रुग्णांत प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातल्या गाठींनाही रेडिएशन दिले, तेव्हा पाच वर्षांनी शंभरातल्या ९५ जणांत पीएसए पुन्हा वाढले नव्हते. फक्त प्रोस्टेटला दिले त्यांच्यात हे प्रमाण ८१ होते. एकूण आयुष्य वाढल्याचे मात्र दिसले नाही.

नव्या उपचारांत ल्युटेशियम पीएसएमए (अमेरिकेत मान्यता २०२२) आणि बीआरसीए जनुकात दोष असलेल्यांसाठी ओलापॅरिब ही दोन नावे डॉक्टरांकडे काढावीत. दोन्ही सरसकट सगळ्यांसाठी नाहीत. आधी पीएसएमए पेट स्कॅन किंवा जनुक तपासणी लागते.

जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, ग्लीसन स्कोअर, तारखांसह पीएसएचे आकडे आणि चालू औषधांची यादी न्यावी. बायोप्सीचे मेणाचे ब्लॉकही लॅबमधून मागून ठेवावेत. पुढे तेच लागतात, आणि धावपळीत नेमके तेच राहून जातात.

संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे, असा २०१९ चा नियम आहे. आपल्या भागात समोर कन्नड किंवा इंग्रजी कागद येऊ शकतो. मराठी प्रत मागायला संकोचू नये. ट्रायलमुळे इजा झाल्यास मोफत उपचाराची आणि भरपाईची तरतूद त्याच नियमांत आहे. मध्येच बाहेर पडता येते, कारण द्यावे लागत नाही. नव्या औषधाचे कुणी पैसे मागितले, तर सीटीआरआय क्रमांक आणि एथिक्स कमिटीचा फोन आधी विचारावा. प्रवासखर्च सगळीकडे मिळत नाही. मिरजेहून मुंबईला किती खेपा पडतील, तेही सही करण्याआधीच विचारून घ्यावे.