नकाशांतील आकृति आणि कळमनुरी

भूगोल शिकणाऱ्या मुलाच्या ध्यानांत देशाच्या नांवाआधीं त्याची आकृति राहते. इटलीचा बूट एकदां पाहिला म्हणजे तो सहसा विसरत नाहीं. हेंच ओळखून लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनें अठराव्या शतकांत नकाशे लांकडावर चिकटवून सीमारेषांवरून कापले. मुलांनीं तुकडे जुळवावे आणि देश ओळखावे, हा हेतु.

परंतु समुद्रानें आंखलेली रेषा टिकते, तशी राज्यकर्त्यांची टिकेलच असें नाहीं. कळमनुरीचा इतिहास हेंच सांगतो. निजामाच्या राज्यांत हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव होतें. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. १८५३ सालीं निजामानें तें इंग्रजांच्या कंपनीकडे सोंपविलें आणि पैनगंगा दोन कारभारांमधील सीमा झाली.

१९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं त्याची आकृतिच नकाशावरून पुसली गेली. तेलुगु मुलूख आंध्र प्रदेशांत, कानडी म्हैसूर राज्यांत आणि मराठवाडा मुंबई राज्यांत गेला. १९६० सालीं महाराष्ट्र झाला, तर १९९९ सालीं हिंगोली जिल्हा. गांव जागचें हललें नाहीं. त्याच्याभोंवतालची रेषा मात्र पुनःपुन्हां बदलली. एकेकाळीं राज्याची सीमा असलेली पैनगंगा येथें आज जिल्ह्यांमधून वाहते.

घरांत १९५६ पूर्वीचा नकाशा असल्यास श्रोत्यांनीं तो आजच्या नकाशाशेजारीं ठेवावा. मुलांना हैदराबादची आकृति शोधूं द्यावी, आणि ती कां सांपडत नाहीं हें त्यांनाच विचारावें. तेथून भूगोलाचा धडा इतिहासाचा होतो.