छापील किमतीतील चूक : विक्रेता व ग्राहक यांच्या उत्तरदायित्वाचा विचार

दुकानातील फळीवर एक किंमत लिहिलेली असावी आणि पावतीवर दुसरी यावी, हा अनुभव आज सर्वसामान्य झाला आहे. अशा वेळी हानी कोणी सोसावी, या प्रश्नाचे उत्तर किंमत कोठे लिहिली जाते आणि ती कोण वाचतो यावर अवलंबून राहिले आहे. इंग्लंड व अमेरिका या देशांचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्‌बोधक ठरतो.

जोवर भाव घासाघीस करून ठरत असे, तोवर किमतीतील चुकीचा वाद सहसा उद्भवत नव्हता. शेवटी उभयतांनी मान्य केलेला आकडा हीच किंमत. सतराव्या शतकात इंग्लंडातील क्वेकर पंथीयांनी एकच भाव सांगण्याचा आग्रह धरला. अधिक सांगून कमी घेणे हे असत्यभाषण होय, अशी त्यांची भूमिका होती. निश्चित किंमत ही व्यापारी सोय म्हणून रूढ होण्यापूर्वी सत्यनिष्ठेचा नियम म्हणून पुढे आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवेचे दुकान उघडले. तेथे ग्राहक स्वतः फळीवरून वस्तू उचलू लागला व प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असे. विक्रेत्याचा शब्द मागे पडून त्याची जागा चिठ्ठीने घेतली.

ही चिठ्ठी म्हणजे वचन काय, याचा निर्णय इंग्लंडात एका निराळ्याच निमित्ताने झाला. १९५१ मध्ये लंडनच्या एजवेअर भागातील बूट्‌स कंपनीच्या स्वयंसेवा औषधालयात ग्राहकांनी फळीवरून काही औषधे घेतली. त्यांत विषद्रव्यांच्या सूचीतील घटक असल्याने विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्याच्या देखरेखीखाली होणे आवश्यक होते, आणि असा अधिकारी गल्ल्यापाशी नेमलेला होता. तेव्हा विक्री फळीपाशी झाली की गल्ल्यापाशी, हा वादाचा विषय झाला. फळीवर मांडलेली वस्तू हा प्रस्ताव नसून प्रस्तावाचे निमंत्रण होय, गल्ल्यापाशी प्रस्ताव मांडतो तो ग्राहक आणि स्वीकार करतो तो दुकानदार, असा निर्णय १९५२ मध्ये लॉर्ड गॉडर्ड यांनी दिला. १९५३ मध्ये अपील न्यायालयानेही तोच कायम केला. याचा परिणाम असा की, चिठ्ठीवरील किमतीस वस्तू विकण्याचे कराराचे बंधन दुकानावर राहिले नाही.

तथापि कराराचा कायदा ग्राहकालाही सर्वस्वी मोकळा सोडीत नाही. १९३९ च्या हार्टॉग खटल्यात सशाच्या कातड्यांचा भाव नगावर सांगावयाचा असता विक्रेत्याने चुकून तो पौंडावर सांगितला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत असल्याने खरेदीदारास माल एकतृतीयांश किमतीत मिळाला असता. चूक खरेदीदारास कळून चुकली असलीच पाहिजे, या कारणास्तव न्यायालयाने करार मान्य केला नाही. दुसऱ्याची उघड चूक जाणूनबुजून पदरात पाडून घेण्याचा हक्क कोणासही नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले.

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय गावी एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमच्या वेष्टनावरील बारकोड प्रथमच यंत्राने वाचला गेला. तेथून या प्रश्नाचे स्वरूप पालटले. पूर्वी ग्राहक व कारकून एकच चिठ्ठी वाचीत. आता ग्राहक फळीवरील आकडा वाचतो आणि यंत्र संगणकात साठविलेला. फळी बदलली व संगणक बदलावयाचा राहिला, किंवा याच्या उलट झाले, की चूक घडते. तिच्या मुळाशी बहुधा लबाडी नसून हयगय असते. मिशिगन राज्याने १९७६ मध्ये प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिण्याचे बंधन घातले आणि जादा आकारणी झाल्यास फरकाची रक्कम व शिवाय फरकाच्या दसपट, परंतु किमान १ व कमाल ५ डॉलर, अशी भरपाई ठरविली. २०११ च्या कायद्याने प्रत्येक वस्तूवर लिहिण्याचे बंधन गेले. भरपाई मात्र राहिली. या तरतुदीमुळे पावती तपासणारा ग्राहक हाच एक प्रकारचा निरीक्षक बनला.

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ४.८ टक्के वस्तूंची आकारणी चुकीची आढळली. तीत कमी आकारणीचे प्रमाण जादा आकारणीहून किंचित अधिक होते. १९९८ च्या पाहणीत एकूण चुका सुमारे ३.३५ टक्क्यांवर आल्या. अर्थात चुकीचा लाभ केवळ दुकानासच होतो, हा समज त्या पाहणीने टिकत नाही.

भारतात वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने आवश्यक असल्याने तिच्याहून अधिक आकारणी हा मुळातच अपराध ठरतो. परंतु सुपरमार्केटच्या फळीवर त्याहून कमी किंमत लिहिलेली असल्यास वाद पुन्हा फळी व पावती यांच्यातच राहतो.

या सर्व इतिहासावरून एक गोष्ट दिसून येते. दोन आकडे जुळते ठेवण्याचे साधन केवळ दुकानाच्या हाती असल्याने मुख्य जबाबदारी त्याचीच होय. पावती वाचणे, जादा आकारणी तत्काळ दाखविणे आणि कमी आकारणीही तितक्याच तत्परतेने सांगणे, हा ग्राहकाचा वाटा आहे. क्वेकरांनी एका भावाचा नियम विक्रेत्याच्या सत्यनिष्ठेवर उभारला होता. गल्ल्यापाशी प्रस्ताव मांडणारा ग्राहकच असल्याने त्या नियमातून त्यालाही वगळता येत नाही.