तट गेला, दरवाजे उरले

छत्रपती संभाजीनगरची ओळख ‘बावन्न दरवाजांचं शहर’ अशी सांगतात. हे दरवाजे ज्या भिंतीत होते, त्या भिंतीचं नाव मात्र फारसं कुणी काढत नाही.

भडकल दरवाजा 1612चा. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून तो बांधला. खडकी, म्हणजे हेच शहर, वसवून त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. आज जिचे तुकडे दिसतात ती तटबंदी सत्तर वर्षांनंतरची.

तिचं कारण समजायला मोगलांच्या बुऱ्हाणपूरला जावं लागतं. जानेवारी 1681च्या अखेरीस संभाजीराजांच्या फौजेने तिथे अचानक झडप घातली. लुटला गेला तो तटाबाहेरचा धनाढ्य बहादूरपुरा. तटाआडचं शहर बचावलं. मार्च 1682मध्ये औरंगजेब स्वतः औरंगाबादेत, म्हणजे पूर्वीच्या खडकीत, येऊन ठेपला आणि त्याच साली शहराभोवती तट उभा राहिला. मराठ्यांच्या धाकाने बांधलेल्या या तटाच्या शहराला 2023मध्ये संभाजीराजांचंच नाव मिळालं.

तटाचा घेर सुमारे सहा मैल, उंची सरासरी चौदा फूट. दौलताबादच्या किल्ल्यापुढे ही उंची काहीच नाही. पण वर्षभर वेढा सोसण्यासाठी हा तट नव्हताच. भरधाव येणारं घोडदळ अडलं, की त्याचं काम झालं. ठरावीक अंतरावर अर्धगोल बुरूज, चर्यांमध्ये बंदुकीसाठी जंग्या, म्हणजे भोकं. चार दिशांना मोठे दरवाजे: दिल्ली, जालना, पैठण आणि खाम नदीच्या पुलाशी मकाई.

वाट वाहती राहिली म्हणून दरवाजे लोकांच्या तोंडी राहिले. रिक्षावाल्याला ‘पैठण गेट’ म्हटलं की पुरे. मधल्या भिंतीला नाव नव्हतं. वस्ती वाढली तशी ती विरत गेली. पुढे डागडुजीचा पैसा आला, स्मार्ट सिटीचाही, तो दरवाजांच्या वाट्याला. ज्या रहदारीने त्यांना लक्षात ठेवलं, तीच आता त्यांच्या मुळावर आली आहे. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजाच्या कमानीला जड वाहनांचे धक्के बसले आहेत.

वारशाच्या यादीत एकेक दरवाजा सुटा नोंदला की तो चौकातली शोभेची कमान होऊन बसतो. नोंद तटाच्या सबंध रेषेची हवी: उरलेला प्रत्येक बुरूज, घरांमागे दडलेला प्रत्येक तुकडा नकाशावर मांडून. नाहीतर दरवाजे राहतील, पण ते कशाचे दरवाजे होते, हे पुढच्या पिढीला पाटी लावून सांगावं लागेल.