जाफराबाद उर्फ चांदोर

अब्बा मन्यार होते. पहाटेची नमाज झाली की जुन्या नाशकातल्या आमच्या बोळातून ते सायकल बाहेर काढत. मागे कॅरिअरवर लाकडी पेटी, पेटीत पेंढ्यात बसवलेल्या काचेच्या बांगड्या, हँडलला भाकरीची पिशवी. आग्रा रोडने जाणे ते शक्यतो टाळत. ट्रकची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती काचेची. मोठ्या रस्त्यावर खड्डा चुकवायला जागा मिळत नाही, आणि एक जोराचा दणका बसला की आठवड्याची कमाई फुटली. म्हणून त्यांनी जिल्ह्याचा आपल्यापुरता एक नकाशा करून ठेवला होता. त्यात फक्त शांत रस्ते होते.

मी सातवीत असताना इतिहासाच्या तासाला गुरुजींनी सहज विचारले, "तुम्ही लोक मूळचे कुठले रे?" मी म्हणालो, "नाशिकचा." वर्ग हसला. गुरुजींच्या मनात काही वाईट नसावे. पण घरी येऊन मी अब्बांना तोच प्रश्न विचारला. ते पेटी भरत होते. म्हणाले, "सुटीत माझ्याबरोबर चल. गावं दाखवतो."

त्या सुटीत आणि पुढच्या दोन-तीन सुट्यांत मी तासाच्या भाड्याची सायकल घेऊन त्यांच्या मागे फिरलो. निवृत्तीनंतर पुन्हा त्याच वाटांवर सायकल चालवतो आहे. आज नाशिक सायकलवाल्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली, तेव्हापासून तर पहाटे रस्त्यावर हेल्मेटांच्या रांगा दिसतात. ही तरुण मुले वेग मोजतात, चढ मोजतात. माझा वेग मोजण्यासारखा नाही. मी गावांची नावे वाचत जातो.

सुरुवात घराजवळूनच होते. गोदावरीच्या काठी काझीची गढी म्हणून मातीचे उंच टेकाड आहे. दर पावसाळ्यात ते थोडे ढासळते आणि काठावरच्या घरांचा जीव टांगणीला लागतो. 1950-51 मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिकच्या या जुन्या पांढरीत उत्खनन केले. खाली सातवाहनांच्याही आधीची वस्ती, तिच्यावर सातवाहनांची, अगदी वर मुस्लिम-मराठा काळाचे अवशेष. मुघल अमलात या शहराला गुलशनाबाद म्हणत. गढीला नाव काझीचे, पोटात माती दोन हजार वर्षांहून जुनी. वरचा थर खरा की खालचा, असे मातीला कुणी विचारत नाही. माणसांना मात्र विचारतात.

अब्बांची एक वाट नाशिकरोडहून नायगावच्या बाजूने सिन्नरला जाई. ऊस, कांदा, मधूनच द्राक्षाचा मांडव. या बाजूला गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभी हे लहानसे गाव आहे. 1906 साली इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांवर राजाचा मुखवटा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्या. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, पण त्याची सगळीच नाणी वितळवली नाहीत. या साठ्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याने स्वतःचा ठसा मारला आणि ती पुन्हा चालू केली. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखाली जुन्या राजाचे नाक-डोळे अजून ओळखू येतात. जिंकणाऱ्याला आपले नाव हवे होते, बाजाराला चांदी हवी होती. दोघांचेही भागले.

जोगलटेंभीहून सिन्नर गाठले की यादवांचे जुने ठाणे लागते. गोंदेश्वराचे देऊळ अब्बांनीच मला पहिल्यांदा दाखवले. ते बाहेर ओट्यावर बसून राहिले आणि मला म्हणाले, "आत जाऊन बघ, पण चपला काढ." गावातल्या बायका त्यांना ‘चाचा’ म्हणत. लग्नघरात चुडा भरायला बोलावणे येई. हिरव्या बांगड्या भरून झाल्या की नवरी अब्बांना वाकून नमस्कार करी आणि ते तिला दुआ देत. यात काही विशेष आहे असे तेव्हा दोघांनाही वाटत नसे.

दुसरी वाट उत्तरेची. पेठ रोडने चौदा-पंधरा किलोमीटरवर आशेवाडी, आणि तिच्या डोक्यावर रामशेजचा किल्ला. 1682 मध्ये मुघल फौजेने याला वेढा घातला. किल्ला छोटा, शिबंदी थोडी. पण पाच वर्षांहून अधिक काळ तो हाती आला नाही. गाझीउद्दीन फिरोजजंग या नावाने पुढे गाजलेला शहाबुद्दीन खान इथून हात हलवत परतला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनी लाकूड कोरून, कातडे वापरून तोफा केल्या आणि त्या दहा तोफांचे काम करीत, ही हकीकत सांगतो कोण? मुघलांचा इतिहासकार खाफीखान, आणि तीही फारसीत. रामशेजच्या किल्लेदाराचे कौतुक करताना आपण शत्रूच्या कागदावर विसंबतो, हे भाषणात सांगायचे राहून जाते.

रामशेजपासून आतल्या रस्त्याने दिंडोरी. सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांची आणि दाऊदखान कुरेशीची लढाई ऑक्टोबर 1670 मध्ये झाली ती याच मुलखात. तिथून खेडगाव, वडनेर भैरव करीत द्राक्षबागांमधून चांदवडला जाता येते. महामार्ग एका बाजूला गुरगुरत असतो, पण इथे त्याचा आवाज येत नाही. रस्ता चढाचा, मी दोनदा उतरून सायकल ढकलतो. वर गेले की चांदवडचे डोंगर, रेणुकामातेचे देऊळ आणि होळकरांचा रंगमहाल. अहिल्याबाईंचे नाव इथे आजही घरातल्या थोरल्या बाईचे घ्यावे तसे घेतात.

होळकरांच्या अमलात चांदवडला टाकसाळ होती. तिथला रुपया मी प्रथम पाहिला तेव्हा बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही. अक्षरे फारसी. नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. आणि टाकसाळीचे नाव : ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. जाफराबाद हे चांदवडचे मुघल काळातले नाव. होळकरांच्या कारभाऱ्यांना ते नाणे बदलता आले नसते काय? दिल्लीच्या बादशहाचा धाक त्यांना कितीसा उरला होता! पण व्यापाऱ्याला ओळखीचे नाणे लागते आणि राज्यकर्त्याला व्यापार. म्हणून दोन्ही नावे राहिली. मध्ये ‘उर्फ’ हा मूळचा अरबी शब्द, जो मराठीने कधीच आपला करून टाकला आहे. आपल्या सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेत, निधनवार्तेत तो रोज भेटतो.

2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. शासन नावे बदलू शकते. प्रत्येक राजवटीने ती बदलली आहेत, मुघलांनीही बदलली. गुलशनाबाद परत आणा असे मी म्हणत नाही. माझे मागणे लहान आहे : तो ‘उर्फ’ तेवढा पुसू नका. एक नाव लिहिण्यासाठी दुसरे खोडावेच लागते, असे होळकरांच्या टाकसाळीला वाटले नव्हते.

तिसरी वाट देवळाली, भगूर, पांढुर्लीवरून घोटीकडे आणि पुढे इगतपुरीला. पावसाळ्यानंतर ही वाट भाताच्या वासाने भरून जाते. समोर कळसूबाईची रांग असते. इगतपुरीजवळ पिंप्री सदो नावाचे गाव आहे. बोलण्यात सगळे ‘सदो’च म्हणतात. कागदोपत्री नाव पिंप्री सद्रोद्दीन. गावात सद्रोद्दीन बाबांचा दर्गा आहे. उरसाला अब्बा इथे पाल ठोकून बांगड्या विकत. ते मात्र गावाचे नाव नेहमी पुरते घेत. घाईत असले तरी.

याच पिंप्रीजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. मुंबई-नागपूर अंतर 701 किलोमीटर, आणि सायकलीला मज्जाव. तक्रार नाही, सायकलवाल्याने तिथे जाऊ नयेच. पण एवढ्या वेगात गावाचे नाव वाचून होत नाही, मग त्यातला माणूस कसा दिसणार?

मोठे रस्तेही इतिहास घडवतात, हे मी नाकारत नाही. 1857 च्या उठावानंतर उत्तरेतले मोमीन विणकर आग्रा रोडनेच दक्षिणेला उतरले आणि मालेगाव-भिवंडीत मागांचा खडखडाट सुरू झाला. अम्मीचे घराणे त्यांतलेच, मालेगावचे. अब्बांकडचे मात्र आठवेल तितक्या पिढ्या नाशिकचेच. म्हणजे गुरुजींच्या प्रश्नाचे माझे उत्तर निम्मे बरोबर होते. आता विचारले तर मी दोन्ही सांगेन, मध्ये एक ‘उर्फ’ घालून.

गेल्या हिवाळ्यात पिंप्रीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर सायकलवाल्या मुलांचा एक घोळका थांबला होता. त्यांच्यातला एक मोबाईलवर नकाशा पाहत होता. मला म्हणाला, "काका, सदो म्हणजे काय हो?" मी सांगितले. बाबांचे नाव, दर्गा, उरूस, बांगड्यांची पालं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मग पूर्ण नाव का नाही घेत कोणी?"

मी म्हटले, "तू घे की."